डवली

आधी मी हत्यारं विकत घेतली.
छंद लावून घ्यायचा म्हणजे आजकाल तसंच सुरू होतं:
रंगीत मुठींच्या सहा पटाश्या,
पाच नंबरांचा पॉलिश पेपर,
हातमोजे, डोळ्यांना चष्मा,
आणि एक छोटा शिकंजा,
ज्याचा उपयोग मला अजून कळलेला नाही.

रूपेन तांडेल आठवड्यातून दोनदा
उभादांड्याच्या वळणावरून स्कूटर घालायचा,
पडवीत खोकं ठेवायचा.
पतपेढीतून आले की मी ती खोकी
नोटांच्या गड्डीसारखी उलगडायचे,
भराभर, न बघता.

पुठ्ठे माडाखाली साचले.
डवली एकही नाही.

पहिली करवंटी पटाशीने तडकली.
दुसरी शिकंज्यात.
तिसरी मी रागाने पायरीवर आपटली,
ती मात्र नीट दोन वाट्यांत फुटली,
जशी हवी होती तशी.

शेजारच्या द्वारका मेस्त
चुलीला करवंट्या मागायला आल्या होत्या.
पटाश्यांकडे बघून म्हणाल्या,
"ह्या काय गो, दवाखानो काढलंस?"
कुंपणाखालून फुटक्या सोड्याच्या बाटलीची
एक काच उचलली, पदराने पुसली,
आणि खरवडायला बसल्या.
"घाई करू नको. करवंटीक घाई नसता."

तेव्हापासून संध्याकाळी तेवढंच.
काचेची धार, करवंटीची पाठ.
आधी केसर जातं, मग भुरकट साल,
मांडीवर तपकिरीसारखी भुकटी पडते,
आणि खालून येतो तो काळा,
विहिरीत वाकून पाहिल्यावर दिसतो तसला.
तापल्या खिळ्याने समोरासमोर दोन भोकं,
त्यातून चिव्याची दांडी, कोकमाची मेख.
शेवटी खोबरेलाचे दोन थेंब:
ज्याचं होतं, ते त्यालाच परत.

मी काही व्रत घेतलं नाही.
साधेपणाची पाटी दारावर लावली नाही.
एवढंच झालं, की मोबाइलमधल्या टोपलीत
एक तवा आणि पक्ष्याच्या आकाराचा दिवा
रोज विचारत राहिले, आम्हाला विसरलात का?
आणि मी उत्तर द्यायला गेले, तर
बोटांवर भुकटी.
काच माझं बोट ओळखेना.
पुसेपर्यंत, काय हवं होतं, तेच आठवेना.

महिनाअखेर खात्यात पैसे उरले.
मी दोनदा पासबुक पाहिलं.
मोजणीत जास्त निघाली रक्कम, की रोखपालाला
कमी निघाल्याइतकीच धडकी भरते:
कोणाचे हे? कोणाला द्यायचे राहिले?

मग एके दिवशी रूपेन आला,
खोकं नसताना.
स्कूटर चालूच ठेवून, फाटकातून म्हणाला,
"बाई, बऱ्या आसास मां?
म्हयनो झालो, तुमचा काय येवक नाय."

काय सांगणार त्याला?
की तुझ्या फेऱ्या मी कमी केल्या,
प्रत्येक फेरीचे तुला जे काही मिळतात, तेही?
हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.
मी भिंतीकडे गेले.
खिळ्यांवर दहा डवल्या लटकत होत्या.
घराला एक लागते. फार तर दोन.
म्हणजे खोक्यांची जागा आता ह्यांनी घेतली होती,
नुसतं माझ्या हातचं म्हणून साठवण कशी
काही वेगळी ठरते?

सगळ्यात बरी काढून त्याला दिली.
"कितीक?" तो म्हणाला.
"आईक दे. सार वाढूक."
त्याने ती उलटी करून पाहिली,
नखाने वाजवून पाहिली, नारळ बघतात तशी,
आणि सवयीने मोबाइल पुढे केला: "सही."

मी हसले. "आज तू घेणार, तूच कर."
पडवीच्या बाकावर भुकटी पसरली होती.
त्याने बोटाने तीत नाव काढलं,
'तांडेल'मधला ड जरा वाकडा,
आणि स्कूटर वळवली.

नऊ उरल्या आहेत.
बाक मी अजून झाडलेला नाही.